जनरेट केलेल्या एपीआय क्लायंटमध्ये तारखा आणि टाइमझोन कसे सांभाळायचे: सुरुवातीपासून शेवटपर्यंत

गोव्यात बसून सॉफ्टवेअर करणाऱ्या बऱ्याच जणांचा कधी ना कधी हॉटेल, गेस्टहाउस, मांडवीवरच्या क्रूझ नाहीतर रेंटल गाड्यांच्या बुकिंगशी संबंध येतोच, आणि बुकिंग म्हटलं की तारीख आली, आणि गिऱ्हाईक लंडनचं, मॉस्कोचं नाहीतर लिस्बनचं असलं की टाइमझोन आलाच. एपीआयचा क्लायंट, म्हणजे सर्व्हरशी बोलणारा कोड, हल्ली हाताने फारसं कोणी लिहीत नाही, ओपनएपीआयची स्पेक फाइल, म्हणजे एपीआय काय घेतं आणि काय देतं याचं लिखित वर्णन, जनरेटरला दिली की टाइपस्क्रिप्ट, कोटलिन, स्विफ्ट, पायथन, जे हवं ते बाहेर पडतं. मग समज असा होतो की कोड मशीनने काढलाय म्हणजे तारखा बरोबरच असणार. तसं नसतं. जनरेटर स्पेकमध्ये लिहिलंय तेवढंच ऐकतो, आणि तारखांच्या बाबतीत स्पेकमध्ये एक आणि सर्व्हर पाठवतो दुसरंच, हे इतकं कॉमन आहे की नवीन प्रोजेक्ट हातात आला की मी सगळ्यात आधी तेच बघतो.

आपल्यासाठी यात अजून एक गोष्ट आहे. भारताचा ऑफसेट, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासूनचा फरक, अधिक ५:३०, वर्षभर तोच, डेलाइट सेव्हिंगची, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करायची भानगड नाही. त्यामुळे काही बग असे आहेत की पणजीत बसून टेस्ट केलंत तर कधीच दिसणार नाहीत, आणि काही असे की अमेरिकेतल्या टीमला कधीच दिसणार नाहीत, फक्त आपल्यालाच दिसतील. कुठला बग कुठल्या बाजूला लपतो हे एकदा नीट समजलं की बाकीचं काम सोपं होतं.

कोड उघडायच्या आधी प्रत्येक फील्ड म्हणजे काय ते ठरवा

स्पेकमधल्या तारीख-वेळेच्या सगळ्या फील्डची यादी काढा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: दुसऱ्या देशात बसलेल्या माणसाने बघितलं तर हा आकडा बदलायला हवा का?

पेमेंट झालं, बुकिंग कन्फर्म झालं, युजरने लॉगिन केलं, हे क्षण. पाळोळ्याला संध्याकाळी ७ वाजता झालेलं पेमेंट मॉस्कोतल्या माणसाला ४:३० चं दिसलं तर ते बरोबरच आहे. पण चेक-इनची तारीख, जन्मतारीख, पासपोर्टची मुदत, सुट्ट्यांच्या यादीतला १९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन, हे दिवस. मुक्तिदिन न्यूयॉर्कमधून बघितला म्हणून १८ तारखेला जात नाही. दिवसाला टाइमझोन नसतोच, आणि त्याला जबरदस्तीने चिकटवला की तिथून पुढे सगळा गोंधळ सुरू होतो. तिसरा प्रकार म्हणजे नुसती घड्याळातली वेळ: चेक-इन दुपारी २ वाजता, किचन रात्री १०:३० ला बंद, फेरीबोटीची पहिली फेरी अमुक वाजता. आणि चौथा प्रकार पुढे ठरवलेल्या भेटींचा, त्याच्याकडे नंतर येतो.

क्षणाला स्पेकमध्ये टाइप स्ट्रिंग आणि फॉरमॅट डेट-टाइम द्यायचा. दिवसाला फॉरमॅट डेट. ओपनएपीआय या दोन्हींसाठी आरएफसी ३३३९ या इंटरनेट स्टँडर्डकडे बोट दाखवतं, ते २००२ चं आहे, आणि त्यात स्पष्ट आहे की डेट-टाइममध्ये ऑफसेट असलाच पाहिजे, शेवटी झेड (म्हणजे यूटीसी) तरी हवा नाहीतर +०५:३० सारखं काहीतरी, आणि सेकंदसुद्धा हवेतच. नुसत्या वेळेसाठी मी साधी स्ट्रिंग ठेवतो आणि तासमिनिटांचा पॅटर्न देतो, कारण टाइम हा फॉरमॅट प्रत्येक जनरेटर आपापल्या मर्जीने हाताळतो.

दोन छोट्या सवयी आत्ताच लावून घ्या. क्षणाच्या फील्डचं नाव ॲटने संपवा आणि दिवसाचं डेटने, म्हणजे क्रिएटेडॲट, चेकइनडेट असं, आणि स्पेक्ट्रल नावाचा लिंटर, म्हणजे स्पेकमधल्या चुका शोधणारं टूल, लावून नाव आणि फॉरमॅट जुळत नसेल तर बिल्ड तिथेच थांबवा. दुसरं, स्पेकच्या यामल फाइलमध्ये उदाहरण म्हणून तारीख लिहिताना कोट्समध्ये लिहा. कोट्स नसले तर बरेच यामल पार्सर तिला स्ट्रिंग न समजता तारीख समजतात आणि डॉक्युमेंटेशनमध्ये तुमच्या साध्या दिवसाला मध्यरात्रीची वेळ जोडलेली दिसते, मग वाचणारा गोंधळतो आणि तसंच पाठवायला लागतो.

सर्व्हर खरं बोलतोय का ते बघा

ही पायरी सगळे गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. क्लायंट जनरेट करायच्या आधी कर्लने (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवायचं टूल) एक रिस्पॉन्स काढा आणि त्यातलं डेट-टाइमचं फील्ड डोळ्यांनी वाचा. शेवटी झेड किंवा ऑफसेट आहे का? नसेल तर सर्व्हर स्पेक मोडतोय.

हे होतं कसं तेही सांगतो. स्प्रिंगमध्ये कोणीतरी फील्डला लोकलडेटटाइम हा टाइप दिलेला असतो, या टाइपमध्ये ऑफसेटच नसतो, पण स्पेक काढणारी लायब्ररी त्याला बिनधास्त डेट-टाइम म्हणून छापते. डॉटनेटमध्ये डेटटाइमचा काइंड अनस्पेसिफाइड राहिला की तेच. पायथनमध्ये फास्टएपीआय वापरलं आणि डेटटाइम नाईव्ह, म्हणजे झोनशिवायचा ठेवला, की परत तेच, आणि यूटीसीनाऊ हे फंक्शन नाव यूटीसीचं घेऊन नाईव्ह व्हॅल्यूच देतं, म्हणूनच पायथन ३.१२ पासून ते डेप्रिकेट, म्हणजे आता वापरू नका असं, केलंय.

आता समजा असा सर्व्हर २०२६-१२-१९टी१४:००:०० एवढंच पाठवतोय, शेवटी काही नाही, आणि त्याच्या मनात ती यूटीसी आहे. गो चा क्लायंट पार्स करताना सरळ एरर देतो. जावाचा ऑफसेटडेटटाइमसुद्धा एरर देतो. पायथनचा क्लायंट शांतपणे नाईव्ह व्हॅल्यू घेतो आणि पुढे कुठेतरी झोन असलेल्या व्हॅल्यूशी तुलना करायला गेलात की तिथे फुटतो. आणि ब्राउझरमधलं जावास्क्रिप्ट ती वेळ वाचणाऱ्याच्या स्वतःच्या झोनमधली समजतं, म्हणजे म्हापशातल्या रिसेप्शनिस्टला दुपारचे २ दिसतात जिथे खरं तर संध्याकाळचे ७:३० दिसायला हवे होते, आणि लिस्बनमधल्या गिऱ्हाइकाला त्याचे २. एकच फील्ड, तीन वागणुकी, आणि सगळ्यात वाईट ती जी काहीच तक्रार करत नाही. गो आणि जावाचा एरर आला की लोक वैतागून टाइप बदलून टाकतात, स्ट्रिंग नाहीतर लोकलडेटटाइम करून मोकळे होतात. तसं करू नका. तो एरर तुमच्या बाजूने भांडतोय, सर्व्हर दुरुस्त करून घ्या.

सर्व्हर दुसऱ्या कंपनीचा असेल आणि ते बदलायला तयार नसतील तर त्यांच्याकडून एवढं लेखी घ्या की ऑफसेट नसलेली वेळ कुठल्या झोनमधली धरायची, आणि मग क्लायंटमध्ये एकाच ठिकाणी, डिसीरियलायझरमध्ये, म्हणजे आलेला मजकूर वाचून ऑब्जेक्ट बनवणाऱ्या कोडमध्ये, तो झोन जोडा. आणि इथे झोनचं नाव आशिया/कोलकाता असं पूर्ण लिहा, आयएसटी लिहू नका, आयएसटी भारताचीही असते, इस्रायलचीही आणि आयर्लंडचीही.

जनरेटरने नक्की काय दिलंय ते फाइल उघडून बघा

जनरेटेड कोड वाचायचा नसतो असं लोक म्हणतात, पण तारखांच्या दोन-तीन फाइल वाचाच.

जावामध्ये ओपनएपीआय जनरेटर नॉर्मली दिवसाला लोकलडेट आणि क्षणाला ऑफसेटडेटटाइम देतो, हे चांगलं आहे, तसंच ठेवा. डेटलायब्ररी या ऑप्शनमध्ये जावा८-लोकलडेटटाइम अशी व्हॅल्यू मिळते, ती क्षणांसाठी घेऊ नका, ऑफसेट कुठे गेला ते कळणारही नाही. तुम्हाला इन्स्टंट हवा असेल तर टाइप-मॅपिंग आणि इम्पोर्ट-मॅपिंग दोन्ही द्यावी लागतात, एकच दिलं तर कंपाइल होत नाही. जॅक्सन २ ही जेसन वाचणारी-लिहिणारी लायब्ररी वापरत असाल तर अजून दोन गोष्टी. एक म्हणजे तो वाचताना ऑफसेट बदलून यूटीसीवर आणतो, +०५:३० आत गेलं तरी बाहेर झेड येतं. क्षण तोच राहतो, पण टेस्टमध्ये इक्वल्सने तुलना केली तर फेल होते कारण इक्वल्स ऑफसेटही बघतो, तिथे इजइक्वल वापरा. आणि दुसरं, क्लायंटला स्वतःचा ऑब्जेक्टमॅपर देत असाल तर तारखा टाइमस्टॅम्प म्हणून लिहायचं सेटिंग बंद करा, नाहीतर सर्व्हरला स्ट्रिंगच्या जागी आकडे जायला लागतात.

गो मध्ये ओपनएपीआय जनरेटर दिवसाला साधी स्ट्रिंग देतो, ओएपीआय-कोडजेन स्वतःचा डेट टाइप देतो, दोन्ही चालतं. डॉटनेटला एनस्वॅग हा जनरेटर असेल तर डेट टाइपच्या सेटिंगमध्ये डेटओन्ली द्या. स्विफ्टमध्ये ॲपलचा स्वतःचा जनरेटर बाय डीफॉल्ट सेकंदाचा अपूर्णांक वाचत नाही, आणि सर्व्हर तर मिलीसेकंद पाठवत असतो, मग आयफोनवर सगळं कोसळतं आणि अँड्रॉइडवर मस्त चालतं. तिथे कॉन्फिगरेशनमध्ये अपूर्णांकवाला डेट ट्रान्सकोडर द्यायचा, एका ओळीचं काम आहे. पण एक सांभाळा, तो दिला की अपूर्णांक नसलेली वेळ फेल होऊ शकते, म्हणून सर्व्हरने कायम एकाच पद्धतीने पाठवणं सगळ्यात बरं.

टाइपस्क्रिप्टवर मात्र थांबावं लागेल. इथे जनरेटर निवडण्यावरच सगळं ठरतं, आणि रिक्वेस्ट पाठवायला ॲक्सिओस वापरणारा आणि फेच वापरणारा असे दोन नेहमीचे आहेत. ॲक्सिओसवाला जनरेटर तारखा स्ट्रिंग म्हणूनच ठेवतो. फेचवाला दिवस असो की क्षण, दोन्हींचं जावास्क्रिप्टच्या डेट ऑब्जेक्टमध्ये रूपांतर करतो, आणि जावास्क्रिप्टच्या डेटला फक्त क्षण माहीत आहे, दिवस ही गोष्ट त्याला माहीतच नाही.

२४ डिसेंबरची २३ कशी होते

समजा पाळोळ्याच्या एका गेस्टहाउसचं बुकिंग पेज आहे, फेचवाला क्लायंट आहे, आणि रिसेप्शनवर बसलेल्या पोरीने कॅलेंडरमधून २४ डिसेंबर निवडला. डेटपिकरने दिलेली व्हॅल्यू म्हणजे २४ डिसेंबर, रात्रीचे ००:००, गोव्याची वेळ. यूटीसीमध्ये तीच वेळ २३ डिसेंबर, संध्याकाळचे ६:३०. आता जनरेट झालेला कोड पाठवताना काय करतो तर डेटची आयएसओ स्ट्रिंग काढतो, जी नेहमी यूटीसीमध्ये असते, आणि तिचे पहिले दहा कॅरॅक्टर घेतो. पहिले दहा कॅरॅक्टर म्हणजे २०२६-१२-२३. बुकिंग एक दिवस आधीचं पडलं, आणि चेक-आउटही त्याच वाटेने गेल्यामुळे तोही एक दिवस आधी सरकला, म्हणजे रात्री किती ते बरोबर, बिल बरोबर, कोणाला काही खटकतच नाही, नाताळच्या गर्दीत गिऱ्हाईक दारात उभं राहीपर्यंत.

आणि परत वाचताना? सर्व्हरकडून २०२६-१२-२४ आलं तर जावास्क्रिप्ट नुसत्या तारखेला यूटीसीची मध्यरात्र समजतं, ती गोव्यात पहाटेचे ५:३०, त्याच दिवसाचे, म्हणजे स्क्रीनवर २४ च दिसते. म्हणून आपल्याकडे वाचणं बरोबर आणि पाठवणं चूक. न्यूयॉर्कमध्ये बरोब्बर उलटं: तिथली मध्यरात्र म्हणजे यूटीसीची पहाट, दिवस तोच, पाठवणं बरोबर, पण वाचताना यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आदल्या संध्याकाळचे ७, तिथे २३ दिसते. मॉस्को आपल्यासारखंच, अधिक ३ असल्यामुळे पाठवताना चुकतं. लंडन आणि लिस्बन सगळ्यात फसवे, हिवाळ्यात ते शून्यावर असतात त्यामुळे नाताळच्या तारखा दोन्ही बाजूंनी बरोबर, आणि ऑगस्टमधल्या तारखा पाठवताना एक दिवस मागे. लक्षात घ्या, बुकिंग कधी केलं त्यावर हे ठरत नाही, राहायची तारीख कुठल्या सीझनमधली आहे त्यावर ठरतं. म्हणून गिऱ्हाईक सांगतं की मागच्या वेळी याच साइटवरून नीट बुकिंग झालं होतं, आणि ते खरं असतं.

यावर उपाय म्हणजे दिवसाच्या फील्डला डेट ऑब्जेक्ट शिवू द्यायचा नाही. टाइप-मॅपिंगमध्ये डेटला स्ट्रिंग द्या, परत जनरेट करा, आणि मग फाइल उघडून बघा की टाइप बदलला तसा आतला डेटचा कन्स्ट्रक्टरही गेलाय ना. राहिलेला दिसला तर जनरेटरचं टेम्प्लेट कॉपी करून बदला आणि तो फोल्डर टेम्प्लेट म्हणून द्या. जनरेट झालेल्या फाइलमध्ये हाताने बदल अजिबात करू नका, पुढच्या बिल्डला तो उडतो आणि कोणाला कळतही नाही. डेटपिकरच्या व्हॅल्यूतून वर्ष, महिना, दिवस हे लोकल गेटर वापरून काढा आणि स्वतः स्ट्रिंग जोडा, महिन्यात एक मिळवायला विसरू नका कारण जावास्क्रिप्टमध्ये जानेवारी शून्य आहे. टेम्पोरल, म्हणजे जावास्क्रिप्टमधली तारीख-वेळेची नवीन सोय, वापरता येत असेल तर त्यातला प्लेनडेट अगदी याच कामासाठी आहे, फायरफॉक्समध्ये तो २०२५ पासून आहे, जुन्या ब्राउझरसाठी पॉलिफिल, म्हणजे ती उणीव भरून काढणारा कोड, लागेल.

फेचवाल्याबद्दल अजून एक. स्पेकमध्ये फील्ड रिक्वायर्ड आहे, नलेबल (म्हणजे रिकामं चालेल असं) लिहिलेलं नाही आणि सर्व्हरने नल पाठवलं, तर नलची डेट बनते आणि स्क्रीनवर १ जानेवारी १९७०, पहाटे ५:३० असं येतं. हा ५:३० वाला १९७० कुठेही दिसला की सरळ स्पेकमधलं नलेबल तपासायला जा, दुसरीकडे शोधत बसू नका.

मधे एक पातळ थर ठेवा

जनरेटेड टाइप थेट स्क्रीनच्या कोडमध्ये वापरू नका. मधे एक छोटं मॉड्यूल ठेवा ज्यात चारच फंक्शन असतात: क्षण आत घेणं, क्षण बाहेर देणं, दिवस आत, दिवस बाहेर. सगळ्या स्क्रीन याच्याशीच बोलतात. उद्या जनरेटर बदलला, किंवा नवीन व्हर्जनने टाइप बदलला, तर एकाच फाइलमध्ये बदल करावा लागेल. जनरेटरचं व्हर्जनही पक्कं करून ठेवा, लेटेस्ट म्हणून सोडलं तर एखाद्या सकाळी काहीच न बदलता तारखा बदललेल्या दिसतील.

दाखवायचं कामही याच थरात घ्या. माझं ठाम मत असं की प्रॉपर्टी गोव्यात असेल तर चेक-इनची वेळ जगात कुठूनही बघितली तरी गोव्याचीच दाखवावी आणि शेजारी तसं लिहावं. लंडनच्या माणसाला सकाळचे ८:३० दाखवून त्याचा काय उपयोग, तो इथे येऊनच चावी घेणार आहे. ब्राउझरच्या डेट फॉरमॅटरला टाइमझोनचा ऑप्शन देता येतो, तिथे आशिया/कोलकाता द्या, हाताने साडेपाच तास मिळवत बसू नका.

हाताने का मिळवायचे नाहीत त्याचं एक कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश भारतात घड्याळं एक तास पुढे केली होती, अधिक ६:३०, आणि १५ ऑक्टोबर १९४५ ला ते संपलं. टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये हे आशिया/कोलकाताखाली नोंदलेलं आहे. त्यामुळे कोणी जन्मतारीख क्षण म्हणून साठवली असेल, तर १९४३ साली जन्मलेल्या आजोबांची मध्यरात्र यूटीसीमध्ये आदल्या संध्याकाळच्या ५:३० ला येते, तुम्ही हाताने साडेपाच तास मिळवले की रात्रीचे ११ येतात आणि जन्मतारीख एक दिवस आधीची होते, फक्त त्या वयाच्या माणसांची. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता, ब्रिटिश सरकारचा नियम इथे आपोआप लागू होत नव्हता, पण सॉफ्टवेअरला ते माहीत नसतं. जन्मतारीख दिवस म्हणूनच ठेवली की हा प्रश्नच येत नाही.

क्वेरीमधलं प्लस आणि गायब होणारे सेकंद

बॉडीमधल्या तारखा बरोबर झाल्या तरी यूआरएलमधल्या वेगळ्या वाटेने जातात, त्यांच्याकडे वेगळं बघावं लागतं. फ्रॉम आणि टू असे पॅरामीटर असतील आणि त्यात +०५:३० असेल, तर प्लस एन्कोड झाला नाही की सर्व्हर त्याला स्पेस समजतो आणि पार्सिंग फेल. अमेरिकेच्या ऑफसेटमध्ये वजा असतो, तिथे हा त्रास होत नाही, म्हणून लायब्ररी लिहिणाऱ्यांना तो दिसलेला नसतो. ॲपलचा यूआरएलकंपोनंट्स प्लस एन्कोड करत नाही, स्प्रिंगचे यूआरएल बनवणारे क्लासही बऱ्याच वेळा तसाच सोडतात. सगळ्यात साधा मार्ग: क्वेरीमध्ये क्षण नेहमी यूटीसीमध्ये, शेवटी झेड लावून पाठवा. प्लसच नसला की प्रश्न मिटला.

कोटलिन किंवा जावामध्ये रिक्वेस्ट पाठवायला रेट्रोफिट ही लायब्ररी असेल तर अजून एक बघा. क्वेरी पॅरामीटर साध्या टूस्ट्रिंगने जातो, आणि ऑफसेटडेटटाइमचं टूस्ट्रिंग सेकंद शून्य असले की ते लिहीतच नाही, १४:०० एवढंच जातं, जे आरएफसीप्रमाणे चूक आहे. आत्ताची वेळ पाठवली की चालतं कारण सेकंद काहीतरी असतातच, आणि कोणी बरोब्बर २ वाजताचा फिल्टर लावला की सर्व्हर ४००, म्हणजे चुकीच्या रिक्वेस्टचा एरर, देतो. यासाठी स्वतःचा स्ट्रिंग कन्व्हर्टर द्या आणि फॉरमॅटर पक्का ठरवा.

जावाचा झोन्डडेटटाइम असाच पाठवू नका, तो शेवटी चौकोनी कंसात झोनचं नाव लिहितो. त्या पद्धतीला २०२४ च्या आरएफसी ९५५७ ने मान्यता दिलीय, पण आरएफसी ३३३९ वर चालणारे पार्सर ते नाकारतात.

आज म्हणजे कुठला आज

आजच्या बुकिंगची यादी हवी असेल तर तो दिवस गोव्याचा आहे हे कोडमध्ये लिहिलेलं असलं पाहिजे. सर्व्हर यूटीसीवर असतो, आणि त्याला आज काय तारीख विचारली तर गोव्यात मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत तो कालची सांगतो. ३१ डिसेंबरच्या रात्री फटाके फुटून झाले, गिऱ्हाइकं चेक-इन करताहेत, आणि सिस्टीम अजून जुन्या वर्षात. बिलांच्या बाबतीत तर हे जास्त महाग पडतं, १ एप्रिलला रात्री १ वाजता फाडलेल्या बिलावर यूटीसीने ३१ मार्च पडलं की ते बिल आदल्या आर्थिक वर्षात गेलं, आणि सीएला ते नंतर निस्तरत बसावं लागतं.

रेंज काढायची पद्धत अशी: गोव्यातल्या दिवसाची सुरुवात घ्या, पुढच्या दिवसाची सुरुवात घ्या, दोन्ही यूटीसीमध्ये बदला, आणि पहिली धरून, दुसरी न धरता शोधा. १९ डिसेंबरसाठी ते १८ ला १८:३० झेड ते १९ ला १८:३० झेड येईल. शेवट २३:५९:५९ असा लिहू नका, कारण पोस्टग्रेस डेटाबेस मायक्रोसेकंदापर्यंत वेळ ठेवतो आणि शेवटच्या सेकंदातली एंट्री निसटते.

पुढे ठरवलेल्या भेटी

झालेल्या गोष्टीला यूटीसी पुरतो. पुढच्या गोष्टीला पुरेलच असं नाही. लंडनच्या एजंटबरोबर दर सोमवारी त्याच्या दुपारी १ वाजता कॉल आहे, हिवाळ्यात तो आपल्याकडे ६:३० ला येतो. २९ मार्च २०२६ ला तिकडची घड्याळं पुढे गेली की दुसऱ्याच दिवशीच्या सोमवारी तोच कॉल आपल्याकडे ५:३० ला, आणि २५ ऑक्टोबरला परत मागे. हे सगळे सोमवार आधीच यूटीसीमध्ये, हिवाळ्याच्या हिशेबाने साठवले असतील तर उन्हाळाभर एजंटला कॉल २ वाजता दिसेल. अशा भेटीसाठी स्पेकमध्ये दोन फील्ड ठेवा, एक स्थानिक वेळ साध्या स्ट्रिंगमध्ये, आणि एक झोनचं नाव, युरोप/लंडन. क्षण लागेल तेव्हा काढायचा. देश आपले नियम बदलतात, रशियाने २०११ आणि २०१४ मध्ये दोनदा बदलले, म्हणून टाइमझोनचा डेटाबेसही वेळच्या वेळी अपडेट करत जा. अल्पाइनच्या डॉकर इमेजमध्ये तो डेटाबेस सहसा नसतोच, गो मध्ये तो प्रोग्रॅममध्येच घालता येतो, विंडोजवर पायथनला टीझेडडेटा पॅकेज वेगळं टाकावं लागतं.

टेस्ट

सीआय, म्हणजे प्रत्येक बदलानंतर आपोआप टेस्ट चालवणारी सिस्टीम, सहसा यूटीसीवर चालतो, आणि यूटीसीवर वरचा २४ चा २३ होणारा बग दिसतच नाही, ना वाचताना ना पाठवताना. म्हणून त्याच टेस्ट टीझेड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलून परत परत चालवा: आशिया/कोलकाता, अमेरिका/न्यूयॉर्क, युरोप/लंडन, आणि एक टोकाचा म्हणून पॅसिफिक/किरितिमाती, जो अधिक १४ वर आहे. जावाला युजर डॉट टाइमझोन द्यावं. टेस्टमध्ये तारखा निवडताना एक डिसेंबरची, एक ऑगस्टची, एक १ एप्रिलच्या रात्री साडेबाराची, एक २९ मार्चची, एक १९४३ ची. दिवस पाठवून परत वाचला तर तीच स्ट्रिंग यायला हवी, क्षण पाठवून परत वाचला तर तोच क्षण, ऑफसेट बदलला तरी चालेल. आणि नुसतं ऑब्जेक्टचं तपासू नका, वायरवर, म्हणजे नेटवर्कवरून, गेलेली खरी स्ट्रिंग पकडून ती तपासा, वर सांगितलेल्या निम्म्या गोष्टी तिथेच दिसतात.

आधीच चालू असलेल्या सिस्टीममध्ये

चेकइन आधीच डेट-टाइम म्हणून गेलेलं असेल तर त्याच फील्डचा फॉरमॅट बदलू नका, लोकांच्या फोनवरची जुनी ॲप फुटतील. नवीन फील्ड वाढवा, जुनं डेप्रिकेटेड म्हणून खूण करा, सर्व्हरने काही काळ दोन्ही भरावीत, आणि जुन्या ॲपचे कॉल बंद झाले की जुनं काढा.

जुना डेटा साफ करताना बरोब्बर १८:३०:०० झेड असलेल्या व्हॅल्यू शोधा, त्या जवळजवळ सगळ्या गोव्याच्या मध्यरात्री असतात, आशिया/कोलकातामध्ये बदलून दिवस घेतला की बरोबर तारीख मिळते. १९:०० किंवा २१:०० झेड अशा दिसल्या तर त्या पाकिस्तान नाहीतर मॉस्कोच्या झोनमधून आलेल्या असू शकतात, त्या त्यांच्या झोनने सोडवा. पण जिथे दहा कॅरॅक्टर कापून दिवसच साठवला गेलाय तिथे नुसत्या व्हॅल्यूवरून काही कळत नाही, तिथे कन्फर्मेशनचे ईमेल आणि पेमेंटच्या नोंदी घेऊन जुळवत बसावं लागतं, आणि जुळेना ते थेट गिऱ्हाइकाला फोन करून विचारावं. हे काम पावसाळ्यात, जून ते सप्टेंबरमध्ये उरका, ऑक्टोबरपासून सीझनचं बुकिंग वाढायला लागलं की रिसेप्शनवाल्यांना तुमच्याशी बोलायला वेळ मिळणार नाही.